आकाश मोठे, पाया तोकडा

डिसेंबर २०२५ हा महिना भारतीय विमान वाहतुकीच्या इतिहासात दोन परस्परविरोधी कारणांसाठी नोंदला जाईल. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे, म्हणजे इंडिगोचे, वेळापत्रक कोलमडले. ५ डिसेंबर रोजी एका दिवसात या कंपनीची एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. ऐन लग्नसराईत हजारो प्रवासी विमानतळांवर ताटकळले, इतर कंपन्यांच्या तिकिटांचे दर आकाशाला भिडले आणि अखेर केंद्र सरकारला पाचशे किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी साडेसात हजार रुपये, तर दीड हजार किलोमीटरपुढील प्रवासासाठी अठरा हजार रुपये अशी भाड्याची कमाल मर्यादा घालावी लागली. रेल्वेने गाड्यांना जादा डबे जोडले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला, जवळजवळ तीन दशकांच्या चर्चेनंतर, नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि पहिल्या उड्डाणांचे कौतुक झाले. एका बाजूला वाढीचा उत्सव आणि दुसऱ्या बाजूला त्याच वाढीच्या ओझ्याने मोडलेला कणा, असे हे चित्र तीन आठवड्यांच्या अंतराने दिसले. भारतीय विमान वाहतुकीच्या भवितव्याचा विचार करताना यांपैकी एकच बाजू पाहण्याची सवय राज्यकर्त्यांना आणि उद्योगालाही जडली आहे. म्हणूनच दुसऱ्या बाजूची चर्चा अगत्याची ठरते.

वाढीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या ५ कोटी २० लाख होती. २०१४ मध्ये ती ६ कोटी ७३ लाखांवर गेली आणि करोनाचा फटका पचवून २०२४ मध्ये तिने १६ कोटी १३ लाखांचा टप्पा गाठला. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी देशात एका दिवसात प्रथमच पाच लाखांहून अधिक लोकांनी देशांतर्गत विमान प्रवास केला. अमेरिका आणि चीन यांच्यानंतर भारत ही जगातील तिसरी मोठी देशांतर्गत बाजारपेठ झाली. मात्र या तिसऱ्या क्रमांकाचे मोजमापही नीट करायला हवे. लोकसंख्येने भारताच्या बरोबरीच्या चीनमध्ये २०२४ या एका वर्षात देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय मिळून सुमारे ७३ कोटी लोकांनी विमान प्रवास केला. आपल्याकडे वर्षभरात जेवढे लोक देशांतर्गत विमानात बसतात, तेवढे भारतीय रेल्वे आठ-नऊ दिवसांत वाहून नेते. त्यातही एकच व्यापारी किंवा अधिकारी वर्षातून वीस वेळा उडत असेल, तर तो वीस प्रवासी म्हणून मोजला जातो. याचा अर्थ असा की, देशातील बहुसंख्य लोकांनी अद्याप विमानात पाऊल ठेवलेले नाही. उद्योगाला याच गोष्टीचा मोह पडतो. बाजारपेठेचा फार मोठा भाग अजून अस्पर्श आहे आणि मध्यमवर्गाचे उत्पन्न जसजसे वाढेल, तसतसा वातानुकूलित रेल्वे डब्यातील प्रवासी विमानतळाकडे वळेल, या गृहीतकावर सारे गणित उभे आहे.

या गृहीतकावर विसंबूनच विमानांची खरेदी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये टाटा समूहाच्या एअर इंडियाने एअरबस आणि बोइंग या दोन कंपन्यांकडे मिळून ४७० विमानांची मागणी नोंदवली. चारच महिन्यांनी पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात इंडिगोने एअरबसकडे एकाच वेळी ५०० विमाने मागवून जगाला चकित केले. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये अकासा एअरने बोइंगकडे १५० विमानांची, तर वर्षाच्या अखेरीस एअर इंडियाने एअरबसकडे आणखी १०० विमानांची मागणी नोंदवली. देशातील सर्व कंपन्यांचा एकत्रित ताफा तेव्हा आठशेच्या आसपास होता. त्याच्या जवळजवळ दुप्पट विमाने कारखान्यांच्या यादीत उभी आहेत. ही विमाने एकदम येणार नाहीत, दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने येतील, हे खरे. तरीही ती उडवणार कोण, ती उतरणार कुठे, त्यांच्यावर देखरेख कोण ठेवणार आणि त्यांचे हप्ते फेडण्याइतका पैसा या धंद्यात आहे काय, हे चार प्रश्न खरेदीच्या घोषणांच्या गजरात मागे पडले.

त्यातला शेवटचा प्रश्न आधी घ्यायला हवा, कारण इतिहास त्याच प्रश्नापाशी वारंवार अडखळला आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपले छोटेसे विमान मुंबईत जुहूला उतरवले, तेव्हापासून या व्यवसायात उत्साहाची उणीव कधीच भासली नाही. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि खासगी कंपन्यांना चार दशके दार बंद झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते किलकिले होताच ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी अशी नावे आकाशात दिसू लागली; १९९७ पर्यंत ती बहुतेक सारी पुसली गेली. २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची कल्पना रुजवली. तिच्या पाठोपाठ किंगफिशर, स्पाइसजेट, गो-एअर आणि इंडिगो या कंपन्या अवघ्या दोन वर्षांत उतरल्या. एअर डेक्कन किंगफिशरने गिळली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. पाव शतक दिमाखात उडालेली जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली. प्रवासी दरवर्षी वाढत असताना त्यांना वाहून नेणाऱ्या कंपन्या मात्र एकामागून एक बुडत गेल्या. वाढत्या बाजारात विक्रेता बुडतो, हे कोडे वाणसामानाच्या धंद्यात पाहायला मिळणार नाही.

कोड्याचे उत्तर खर्चाच्या वहीत आहे. भारतीय विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. विमान इंधन अद्याप वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर राहिले असून राज्ये त्यावर आपापल्या मर्जीने मूल्यवर्धित कर लावतात. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड या क्षेत्रांसाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा त्याचे स्वागत झाले; परंतु काही राज्यांत हा दर एक टक्का इतका अल्प होता, हेही तेव्हाच दिसत होते. विमाने बहुतांशी भाडेपट्ट्याने घेतलेली असतात, त्यांचे भाडे डॉलरमध्ये चुकते करावे लागते आणि तिकीट मात्र रुपयांत विकले जाते. रुपया घसरला की कंपनीने काही न करताच तिचा तोटा वाढतो. गो फर्स्टच्या दिवाळखोरीत विमानांचे परदेशी मालक आपली विमाने परत मिळवण्यासाठी वर्षभर न्यायालयात झगडले आणि त्यानंतर भारतीय कंपन्यांना विमान भाड्याने देताना अधिक सावध झाले. २०२५ मध्ये संसदेने विमानांवरील मालकीहक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला, तो या झगड्याची फलश्रुती मानायला हवा. गो फर्स्टने स्वतःच्या पतनाचे खापर इंजिन पुरवणाऱ्या अमेरिकी कंपनीवर फोडले. त्याच कंपनीच्या इंजिनांतील दोषामुळे इंडिगोचीही सत्तरहून अधिक विमाने २०२४ च्या सुरुवातीला उभी होती. पण इंडिगो तगली, कारण तिचा पसारा मोठा होता. या धंद्यात मोठेपणा हाच विमा ठरतो आणि लहानांना तो विकत घेता येत नाही.

त्याची परिणती आज दिसते. २०२५ च्या अखेरीस देशांतर्गत बाजारपेठेतील सुमारे ६५ टक्के वाटा एकट्या इंडिगोकडे आणि जवळपास पाव हिस्सा एअर इंडिया समूहाकडे होता. एके काळी विस्तारा, एअर एशिया इंडिया, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस अशा चार पाट्या होत्या. २०२४ मधील विलीनीकरणानंतर त्यांच्या दोन झाल्या आणि दोन्हींचा मालक एकच. दहापैकी नऊ प्रवासी दोन घराण्यांच्या विमानांतून जातात. या दोघांतही समतोल नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात इंडिगोला ७,२५८ कोटी रुपयांचा निव्वळ नफा झाला, तर त्याच वर्षी एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस यांना मिळून करपूर्व साडेनऊ हजार कोटींहून अधिक तोटा सोसावा लागला. म्हणजे ज्याला द्वैत म्हटले जाते, त्यात एक पाय भक्कम आणि दुसरा टाटा समूहाच्या तिजोरीवर रेललेला आहे. सरकारने डिसेंबरच्या गोंधळानंतर लगोलग अल हिंद एअर आणि फ्लाय एक्स्प्रेस या नव्या कंपन्यांना ना हरकत प्रमाणपत्रे दिली. हेतू चांगला होता, पण ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे विमान नव्हे. दोन-चार छोटी विमाने घेऊन उतरणाऱ्या कंपनीकडून चारशे विमानांच्या कंपनीला शह बसेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल.

डिसेंबरमधील संकटाचे खरे कारण मनुष्यबळाच्या प्रश्नात दडलेले होते. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न अनेक वर्षे चर्चेत होता. महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये कामाच्या तासांचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, रात्रीच्या कालावधीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या वेळी वैमानिकाने करावयाच्या अवतरणांची संख्या सहावरून दोनवर आणली. हे नियम जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी वेळ मागितला, तो मिळाला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत अंमलबजावणी ठरली. जवळजवळ दोन वर्षांची पूर्वसूचना हाती असताना देशातील सर्वांत श्रीमंत विमान कंपनीने पुरेसे वैमानिक नेमले नाहीत. उलट हिवाळी वेळापत्रकात उड्डाणे वाढवून घेतली आणि महासंचालनालयाने त्या वाढीला मंजुरी दिली. नोव्हेंबरचा दुसरा टप्पा सुरू होताच ताणलेली दोरी तुटली. पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. प्रवाशांचे हाल थांबवण्यासाठी नियामकाने इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. म्हणजे ज्या कंपनीने नियमांची तयारी केली नाही, तिच्याचसाठी नियम मागे घ्यावे लागले. तिच्या वेळापत्रकात दहा टक्के कपात झाली, चौकशी झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये २२ कोटी २० लाख रुपयांचा दंडही झाला. आदल्या आर्थिक वर्षातील नफ्याची दिवसावार सरासरी काढली, तर हा दंड एका दिवसाच्या नफ्याहून जेमतेम थोडा अधिक भरतो.

या घटनेत नियामकाला दोष देणे सोपे असले, तरी त्याची अवस्था काय आहे, हेही पाहायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये विमान सुरक्षेविषयी संसदेच्या स्थायी समितीने सादर केलेल्या अहवालानुसार महासंचालनालयातील मंजूर १,०६३ पदांपैकी केवळ ५५३ भरलेली होती. विमानांचा ताफा दहा वर्षांत दुपटीने वाढला, विमानतळ ७४ वरून दीडशेच्या पुढे गेले आणि या साऱ्यावर नजर ठेवणारे कार्यालय निम्मे रिकामे राहिले. खासगी कंपनीत दुप्पट-तिप्पट वेतन मिळत असताना अनुभवी अभियंता किंवा वैमानिक सरकारी निरीक्षक म्हणून का येईल, याचे उत्तर अर्थ मंत्रालयाच्या वेतनश्रेणीत सापडत नाही. समितीने नियामकाला भरती आणि वेतनाची स्वायत्तता देण्याचा आग्रह धरला. हवाई नियंत्रकांची कमतरताही समितीच्या नजरेतून सुटली नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्ली विमानतळावर संदेशवहन यंत्रणेतील एका बिघाडाने आठशेहून अधिक उड्डाणांना विलंब झाला. यंत्रणा जुनी असेल, तर तिच्या अपयशाचा भार माणसाच्या डोक्यावर येतो आणि माणसे पुरेशी नसतील, तर त्या भाराला मर्यादा राहत नाही.

या सर्व चर्चेवर १२ जून २०२५ ची सावली आहे. त्या दिवशी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारी बटणे उड्डाणानंतर बंद स्थितीत गेल्याचे प्राथमिक अहवालात नोंदवले गेले. ते कसे घडले, याविषयी माध्यमांतून जी तर्कटे लढवली गेली, ती टाळली असती तर बरे झाले असते. अपघाताच्या कारणाचा निवाडा तपास यंत्रणेवर सोडावा लागतो. पण तपास यंत्रणा स्वतंत्र असावी, ही मागणी त्यामुळे गैरलागू ठरत नाही. अपघात अन्वेषण विभाग आणि नियामक ही दोन्ही कार्यालये एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली असणे आणि त्याच मंत्रालयावर विमान वाहतूक वाढवण्याचीही जबाबदारी असणे, या रचनेत हितसंबंधांची गाठ आहे. अनेक प्रगत देशांनी ती सोडवली. आपल्याकडे तिच्याविषयी अपघातानंतर काही आठवडे बोलले जाते.

येत्या पंधरा-वीस वर्षांत भारताला ३० हजार वैमानिकांची गरज भासेल, असे केंद्र सरकारच सांगत आले आहे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी अर्ध्या कोटीपासून कोटीभरापर्यंत खर्च येतो आणि हा भार आजही विद्यार्थ्याच्या पालकांवर पडतो. परिणामी अनेक मुले प्रशिक्षणासाठी अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेची वाट धरतात. विदर्भातील गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवर आणि बारामतीत प्रशिक्षण चालते. अमरावतीजवळ बेलोरा येथे एअर इंडियाने मोठी प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीहून मुंबईला प्रवासी विमान सुरू झाले, त्याचे स्वागत मोठे झाले. पण दूरगामी विचार केला, तर त्या विमानतळाचे खरे मोल दररोज उडणाऱ्या शिकाऊ विमानांतच असेल. या क्षेत्रात एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगावी अशी आहे. भारतीय वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के असून ते जागतिक सरासरीच्या कितीतरी पुढे आहे.

आता लहान शहरांकडे वळू. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही हवाई प्रवास करता यावा, अशी घोषणा देत उडान योजना आली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर तिचे पहिले विमान उडाले. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांसाठी अडीच हजार रुपये भाडे आणि कंपनीचा तोटा तीन वर्षे सरकारी निधीतून भरून देणे, अशी तिची साधी रचना होती. ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापालांनी या योजनेचा ताळेबंद मांडला. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग बहाल झाले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि अनुदान संपल्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिलेले मार्ग होते ५४. बहाल झालेल्या मार्गांच्या सात टक्के.

महाराष्ट्रातील अनुभव या आकड्यांना चेहरा देतो. जळगावला डिसेंबर २०१७ मध्ये विमान आले, काही महिन्यांत बंद पडले, पुढे दुसऱ्या कंपनीने ते सुरू केले आणि ती कंपनीच मिटली. तिसऱ्या खेपेस २०२४ मध्ये गोव्यातील फ्लाय ९१ ने तेथे सेवा सुरू केली. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या थाटात झाले, त्या व्यासपीठावरची राजकीय जुगलबंदी कोकणवासीयांच्या अजून स्मरणात आहे. तीन वर्षांची मुदत सरताच २०२४ च्या अखेरीस तेथील मुंबईची सेवा थांबली. चाकरमान्याला गणपतीला गावी न्यायला विमान हवे असते, तेव्हा ते असत नाही आणि एरवी असते तेव्हा ते रिकामे जाते, अशी या मार्गांची अडचण आहे. शिवाय सकाळी लवकर जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी मुंबईतील वेळ, म्हणजे धावपट्टीवरील जागा, लहान विमानाला मिळत नाही. दोनशे प्रवाशांच्या विमानाला जेवढा वेळ धावपट्टी लागते, तेवढाच सत्तर प्रवाशांच्या विमानालाही लागते. ज्या विमानतळावर मिनिटामिनिटाचा हिशेब चालतो, तिथे सोलापूर किंवा कोल्हापूर रांगेच्या शेवटी उभे राहणार, हे उघड आहे. उडान योजनेतील पैसा लहान गावात धावपट्टी बांधण्यावर खर्च झाला. अडचण बरीचशी मुंबई-दिल्लीच्या धावपट्टीवर होती. लहान शहरांना विमान नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सोलापूरकरांनी त्यासाठी किती वर्षे काढली, हे तेथील उद्योजकांना विचारावे. मात्र अनुदानाच्या तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, ही अट घालताना त्याला सोयीची वेळ मिळवून देण्याची हमी सरकारने घेतली नाही.

म्हणूनच नवी मुंबईचे महत्त्व मुंबईपुरते मर्यादित नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत. दोन्ही एकाच वेळी वापरता येत नसल्याने व्यवहारात ती एकच धावपट्टी ठरते. तिच्यावरून एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा झालेली आहे आणि वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी गेले आहेत. हे कौशल्य जगात वाखाणले गेले, परंतु त्यापलीकडे तिथे वाढ शक्य नाही. उलवे परिसरात ११६० हेक्टरांवर उभ्या राहिलेल्या नव्या विमानतळाची पहिल्या टप्प्यातील क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आणि अंतिम क्षमता नऊ कोटींची आहे. लहान शहरांच्या विमानांना सोयीच्या वेळा द्यायच्या असतील, तर त्या येथे देता येतील. त्याची सक्ती आताच करावी लागेल. एकदा मोठ्या कंपन्यांनी सकाळ-संध्याकाळ व्यापली की पुढे ती सोडवता येत नाही, हा मुंबईचा धडा आहे. आणखी एक बाब नजरेआड होते. लंडनमधील विमानतळ एकमेकांशी काही प्रमाणात स्पर्धा करतात. मुंबई महानगरातील जुना आणि नवा असे दोन्ही विमानतळ मात्र अदानी समूहाकडे आहेत. नव्यात सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे, एवढाच फरक. अशा स्थितीत प्रवाशांकडून वसूल होणाऱ्या शुल्कावर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण किती कठोर नजर ठेवते, यावर दक्षिण मुंबईतून अटल सेतूमार्गे किंवा डोंबिवलीहून रस्त्याने तिथवर जाणाऱ्या प्रवाशाचा खर्च ठरेल. मेट्रोची जोडणी न होताच विमाने उडू लागली, ही तर आपल्याकडची जुनीच रीत.

या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले आणि दहा गावे उठली. ती ज्या अटींवर उठली, त्यांचा इतिहास मोठा आहे. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरोधात आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी बळी पडले. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत नेण्यात आले. २०२१ मध्ये नामकरणासाठी आगरी-कोळी समाज हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरला, तो या आठवणीच्या बळावर. विमानतळाला दिबांचे नाव देण्याचा ठराव २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने केला. विमान वाहतुकीच्या भवितव्याविषयी बोलणाऱ्या बहुतेक अहवालांत जमीन हा शब्द एका परिच्छेदात येतो. महाराष्ट्रात तिच्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

या चर्चेत विमान निर्मितीचा विषय ओझरता का होईना, यायला हवा. कानपूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परदेशी परवान्याखाली बांधलेली ॲव्रो विमाने इंडियन एअरलाइन्सने प्रवासी वाहतुकीसाठी वापरली होती. त्यानंतर त्या दिशेने ठोस काही घडले नाही. चीनने स्वतःचे सी-९१९ हे मध्यम पल्ल्याचे विमान मे २०२३ मध्ये प्रवासी सेवेत आणले. त्याची इंजिने आणि अनेक महत्त्वाचे भाग पाश्चात्त्य आहेत, हे मान्य केले तरी पुढच्या तीस वर्षांसाठी त्याने पाऊल टाकले. भारताने ऑक्टोबर २०२५ मध्ये रशियाशी एसजे-१०० विमानाच्या निर्मितीबाबत सामंजस्य करार केला, तो कितपत फळाला येतो हे निर्बंधांच्या राजकारणावर अवलंबून राहील. दुरुस्तीच्या क्षेत्रात आशा अधिक आहे. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेले दुरुस्ती केंद्र आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादला सुरू झालेले साफ्रांचे इंजिन केंद्र, ही त्याची उदाहरणे. इंजिन परदेशी पाठवून महिनोन्महिने विमान उभे ठेवण्यापेक्षा ते हैदराबादेत दुरुस्त होणे, हा नफा थेट कंपनीच्या वहीत दिसतो.

आंतरराष्ट्रीय वाहतुकीत भारतीय कंपन्यांचा वाटा निम्म्याहून कमी राहिला. पुण्या-मुंबईचा विद्यार्थी अमेरिकेला निघतो, तेव्हा बहुधा दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलतो. दुबईसाठी आठवड्याला सुमारे ६६ हजार आसनांची मर्यादा सरकारने वर्षानुवर्षे टिकवली. लांब पल्ल्याची भारतीय विमाने येईपर्यंत परकी कंपन्यांना दार उघडायचे नाही, असा त्यामागचा हिशेब होता. इंडिगो आणि एअर इंडिया यांनी मागवलेली एअरबस ए-३५० विमाने त्या हिशेबाची कसोटी ठरतील. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या उड्डाणांना लांबचा वळसा घालावा लागला, तेव्हा भूगोलही या व्यवसायाचा भागधारक असल्याचे दिसून आले.

पुण्याची कथा वेगळी नाही. लोहगावचा तळ हवाई दलाचा, धावपट्टी आखूड आणि प्रवासी मात्र कोटीच्या घरात. नवे टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झाले, त्याने बसायला जागा मिळाली. विमानांना ती मिळालेली नाही. पुरंदर तालुक्यातील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी आणि वनपुरी या सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ उभारण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे हेलकावे खात होता. मे २०२५ मध्ये ड्रोनद्वारे मोजणीला गेलेल्या पथकाला गावकऱ्यांनी अडवले आणि लाठीमार झाला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात संमतिपत्रे घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. अंजीर आणि सीताफळाच्या बागा असलेल्या या पट्ट्यातील शेतकऱ्यांपुढे किती टक्के विकसित भूखंड ठेवला जातो आणि तो प्रत्यक्ष किती वर्षांत हाती येतो, याकडे उलव्यातून उठलेल्या दहा गावांतील माणसेही लक्ष ठेवून आहेत.